पाककृती कोणाची?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या महिला शाखेपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांच्या घरच्या पाककृतींचे एक पुस्तक काढावयाचे आपल्या महिला शाखेने ठरविले आहे, हे आपणांस विदित आहेच. हा संकल्प जाहीर झाल्यापासून दोन प्रश्न वारंवार कानी येत आहेत. सासूबाईंची कृती सुनेने लिहून दिली तर खाली नाव कोणाचे घालावयाचे, हा पहिला. दुसरा जरा नाजूक आहे. छापील पुस्तकातली एखादी कृती आपण गेली तीस वर्षे करीत आलो. ती आता हाताची झाली, घरची झाली. ती आपल्या नावे दिली तर कोणी बोल लावील काय? चिटणीसबाईंनी हे दोन्ही प्रश्न आमच्या पुढ्यात ठेवले आणि यावर अर्धा तास बोलावे, अशी आज्ञा केली. आम्ही वकील नव्हे. परंतु पाकशास्त्राची जुनी पुस्तके आणि त्यांच्या लेखिकांची चरित्रे वाचण्याचा नाद आम्हांस पुष्कळ वर्षांचा आहे, आणि त्या वाचनात हे दोन प्रश्न पानोपानी भेटतात.

कायद्याचे उत्तर प्रथम सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. पदार्थावर कोणाचाही ग्रंथस्वामित्वाचा हक्क, ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो तो, नसतो. घटकांच्या यादीवर नसतो, करण्याच्या रीतीवरही नसतो. हक्क असतो तो ती रीत ज्या शब्दांत सांगितली त्या शब्दांवर. पुरणपोळीचेच उदाहरण घ्या. एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी गूळ हे प्रमाण कोणाच्याही मालकीचे नाही. पुरणात उलथने उभे राहिले म्हणजे ते झाले, ही खूणही साऱ्यांचीच. परंतु ही खूण सांगताना एखाद्या बाईने चार ओळी आपल्या ढंगात लिहिल्या, पुरण सैल राहिले तर काय करावे, कोणत्या गुळाचे पुरण काळपट दिसते, हे आपल्या अनुभवाने मांडले, तर त्या ओळी तिच्या. त्या उचलून कोणी आपल्या नावे छापल्या तर तो अपराध ठरतो. तीच पोळी करून कोणी वाढली, विकली, किंवा स्वतःच्या शब्दांत तिची कृती लिहिली, तर त्यात अपराध नाही.

एवढ्याने समाधान व्हावयाचे असते तर अर्ध्या तासाची गरज नव्हती. हा नियम ऐकावयास सरळ वाटतो, पण त्याच्या पोटात बायकांचे पुष्कळ श्रम, पुष्कळ पैसा आणि काही ठिकाणी नावेसुद्धा गडप झालेली आहेत. आपला कायदा इंग्रजी कायद्याच्या वंशातला, म्हणून ती हकीकत लंडनपासून सांगावी लागते.

लेखकाला आपल्या पुस्तकावर हक्क देणारा इंग्लंडमधला पहिला कायदा राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीत, सन १७१० मध्ये अमलात आला. हक्काची मुदत चौदा वर्षे. ती सरताना लेखक हयात असेल तर आणखी चौदा. पुढे १७४७ साली लंडनमध्ये 'द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी' या नावाचे जाडजूड पुस्तक निघाले. वर्गणीदार आधी जमवून काढलेले हे पुस्तक लंडनच्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात विकावयास ठेवले होते. लेखिकेच्या नावाच्या जागी 'एका सभ्य स्त्रीकडून' एवढेच छापलेले. ही सभ्य स्त्री म्हणजे हॅना ग्लास. मोलकरणींनाही समजेल अशा भाषेत लिहावयाचे, ही तिची प्रतिज्ञा होती, आणि ती तिने पाळली. पुस्तक भराभर खपले. पण बाईंचा कपडे शिवण्याचा धंदा बुडाला, १७५४ मध्ये दिवाळे निघाले, आणि त्या दिवाळ्यात पुस्तकाचा हक्क विकावा लागला. पुढे कर्जापायी तुरुंगवासही घडला. पुस्तक मात्र शंभर वर्षे निघत राहिले. त्याचा लाभ पुस्तकविक्रेत्यांना झाला.

पैसा गेला तो गेला. पुढे नावही जाऊ लागले. ग्लासबाई १७७० मध्ये वारल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, १७७८ मध्ये, डॉ. जॉन्सन एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जेवावयास गेले असता यजमानांनी सांगितले की, हे पुस्तक मुळी बाईचे नव्हेच, ते डॉ. हिल नावाच्या गृहस्थाने लिहिले आहे. जॉन्सन यांना हे पटले नाही. कारण काय, तर पुस्तकात सोऱ्याच्या दोन प्रकारांचा घोटाळा आहे आणि हिल यांच्यासारखा जाणता माणूस अशी चूक करणार नाही! पुढे त्यांनी असाही अभिप्राय दिला की, बायका सूत उत्तम काततील, पण पाककलेचे चांगले पुस्तक लिहिणे त्यांना साधावयाचे नाही. बॉस्वेलने हे सारे टिपून ठेवले आहे. ज्या पुस्तकावरून उभे इंग्लंड स्वयंपाक करीत होते त्याच्याबद्दल, जेवणाच्या टेबलाशी बसून, हे बोलणे झाले. पुस्तकाची कर्ती हॅना ग्लासच, हे मॅडेलीन होप डॉड्स या इतिहाससंशोधक बाईंनी १९३८ मध्ये सिद्ध केले. एकशे नव्वद वर्षे त्यात गेली.

आता याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही पक्षपात केल्यासारखे होईल. ग्लासबाईंच्या पुस्तकातल्या सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या कृती आधीच्या पुस्तकांतून उतरविलेल्या आहेत, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी ओळीला ओळ लावून दाखविले. त्या काळी अ‍ॅन कुक नावाच्या बाईंनी १७५४ च्या आपल्या पुस्तकात ग्लासबाईंवर तोंडसुख घेतले होतेच. आम्हांस या उतरविण्यात लबाडीपेक्षा रिवाज अधिक दिसतो. कृती वहीतून वहीत जाते तशी ती पुस्तकातून पुस्तकात गेली. मात्र वही आणि पुस्तक यांत एक फरक आहे. वहीत आपण 'मावशींचे लोणचे' असे लिहितो. पुस्तकात मावशी गळते.

यापुढची कथा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. मरिया रंडेल या एका शल्यवैद्याच्या विधवा. लग्न होऊन गेलेल्या मुलींना उपयोगी पडाव्यात म्हणून त्यांनी आयुष्यभराच्या कृती, घरगुती औषधे, नोकरांविषयीच्या सूचना असे सारे टिपून ठेवले होते. कुटुंबाच्या स्नेह्यांपैकी जॉन मरे हे प्रकाशक. बाईंनी १८०५ मध्ये आपले लेखन त्यांच्या हवाली केले. मोबदल्याची अपेक्षा नव्हती, करारपत्रही नव्हते. वर्षअखेरीस 'अ न्यू सिस्टिम ऑफ डोमेस्टिक कुकरी' प्रसिद्ध झाले, लेखिकेच्या नावाच्या जागी पुन्हा 'एका सभ्य स्त्रीकडून'. पुस्तकाने नुसता धडाका लावला. आवृत्तीमागून आवृत्ती निघू लागली. १८०८ मध्ये मरे यांनी बाईंना दीडशे पौंड पाठविले आणि बाईंनी ते संकोचाने स्वीकारले. चार वर्षांनी मरे यांनी लंडनच्या अ‍ॅल्बेमार्ल स्ट्रीटवर पन्नास क्रमांकाचे ते पुढे विख्यात झालेले घर घेतले, तेव्हा तारण म्हणून जे मांडले त्यात या पाकपुस्तकाचा हक्क होता. बायरनसारख्या कवीचा जिथे राबता होता त्या घराला आधार कशाचा, तर मुलींसाठी लिहिलेल्या कालवणांचा.

रंडेलबाईंची तक्रार पैशाची नव्हती; आवृत्त्या निष्काळजीपणे छापतात, ही होती. शुद्धलेखन बिघडते, सूचना उलटसुलट होतात, प्रकाशक लक्ष देत नाही. ज्या बाईने लोणच्याच्या बरणीचे तोंड कधी पुसायचे राहू दिले नसेल तिला हे किती लागले असेल, हे आम्ही इथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. पहिली चौदा वर्षे १८१९ मध्ये सरली. कायद्याप्रमाणे आता हक्क आपल्याकडे परत आला, असे मानून बाईंनी सुधारलेली प्रत दुसऱ्या प्रकाशकाकडे नेली. मरे न्यायालयात गेले, बाईही गेल्या. १८२१ मध्ये प्रकरण लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांच्यापुढे आले. त्यांनी असे पाहिले की, बाईंनी इतकी वर्षे पुस्तक छापू दिले, तेव्हा आता मनाई हुकूम मागण्यास त्यांना तोंड उरत नाही. हक्क नेमका कोणाचा, हे दुसऱ्या न्यायालयात जाऊन ठरवून घ्यावे. अखेर १८२३ मध्ये तडजोड झाली. बाईंना दोन हजारांवर पौंड मिळाले आणि पुस्तक कायमचे मरे यांचे झाले. त्या वेळी बाईंचे वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

या खटल्यात कृती कोणाच्या, हा वाद नव्हताच, हे ध्यानी घ्यावे. त्या बाईंनी लिहिल्या हे मरेही मान्य करीत. वाद होता तो कागदाचा, जो कधी झालाच नाही. स्नेहभावाने दिले, गप्प राहिल्या, आणि ते गप्प राहणेच न्यायालयात त्यांच्या विरुद्ध साक्षीला उभे राहिले. आमच्या मते पाककृतींच्या हक्काचा खरा इतिहास हाच आहे. कायदा बायकांच्या विरुद्ध लिहिलेला नव्हता. तो कागद पाहून बोलत होता, आणि कागद करण्याची रीत स्वयंपाकघरापर्यंत पोचलीच नव्हती.

एलायझा अ‍ॅक्टन या मुळातल्या कवयित्री. त्यांचे 'मॉडर्न कुकरी' १८४५ साली आले. प्रत्येक कृती स्वतः करून पाहावी, आणि साहित्य किती व वेळ किती ते कृतीच्या शेवटी वेगळे मांडावे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. आज कोणतेही पाकपुस्तक उघडा, साहित्य वेगळे आणि कृती वेगळी दिसेल. ती कल्पना इतकी उपयुक्त ठरली की कोणाची म्हणून कोणी विचारीत नाही. आणि कल्पनेवर हक्क नसल्यामुळे अ‍ॅक्टनबाईंना विचारताही आले नाही. स्वतः रचलेल्या कृतींवर 'लेखिकेची कृती' अशी खूण त्या करीत. तरीही पाने उचलली गेली, आणि १८५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याबद्दल कडवट तक्रार नोंदविली. त्या १८५९ मध्ये वारल्या. दोनच वर्षांनी मिसेस बीटन यांचा प्रसिद्ध गृहव्यवस्थेचा ग्रंथ निघाला. त्यात अ‍ॅक्टनबाईंच्या कृती मुबलक आहेत, आणि साहित्याची यादी आता शेवटाऐवजी आरंभी आली आहे. बीटनबाईही १८६५ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बाळंतपणात गेल्या. पतीने पुढच्याच वर्षी कर्जापायी हक्क विकले. नव्या धन्यांनी मग त्यांच्या नावावर पुस्तकांमागून पुस्तके काढली. एकीचे नाव गेले आणि मजकूर राहिला. दुसरीचे नाव राहिले आणि मजकूर पालटत गेला.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात आटोपतो. तिथे १९९६ मध्ये दह्याच्या पदार्थांच्या एका पुस्तकावरून खटला झाला, आणि घटकांची यादी व साध्या सूचना यांवर हक्क नाही, असे वरिष्ठ न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पण त्याआधीची इर्मा रॉम्बॉर यांची कथा रंडेलबाईंच्या कथेची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. नुकत्याच विधवा झालेल्या या बाईंनी १९३१ मध्ये स्वतःचा पैसा घालून 'जॉय ऑफ कुकिंग'च्या तीन हजार प्रती छापून घेतल्या. १९३६ मध्ये प्रकाशक मिळाला तेव्हा वकिलाविना करारावर सही केली, आणि त्या सहीबरोबर नव्या आवृत्तीचाच नव्हे तर स्वखर्चाने काढलेल्या जुन्या आवृत्तीचाही हक्क गेला. म्हणजे कागद नसला तरी बाई बुडते आणि वाचल्याविना सही केली तरी बुडते!

आता घरी येऊ. कंपनी सरकारने १८४७ मध्ये इकडे पहिला ग्रंथस्वामित्वाचा कायदा आणला. १९१४ चा दुसरा. आणि स्वतंत्र भारताचा आपला कायदा १९५७ चा. आरंभी लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे मुदत होती, १९९२ पासून ती साठ झाली. कल्पना कोणाची नसते, मांडणी लेखकाची असते, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात विस्ताराने सांगितले. त्या खटल्यातले नाटक कशावर होते, हे कळल्यावर आपल्याला गंमत वाटेल: शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंबे, आणि त्यांच्या मुलांचे जमलेले प्रेम. अशा कथानकावर एकाचा हक्क मानला असता तर आपल्या या मंडळातल्या निम्म्या घरांना परवानगी काढावी लागली असती!

मराठीत छापील पाकपुस्तकांचा आरंभ रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ च्या 'सूपशास्त्रा'ने झाला असे मानतात. तंजावरच्या राजवाड्यातल्या पाकविधीचे पुस्तक 'शरभेंद्र पाकशास्त्र' म्हणून सरफोजी राजांच्या नावाने ओळखले जाते; तिथल्या चुलीशी उभे असणाऱ्यांचे नाव त्या मथळ्यात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. इंग्रजीत १९६१ साली निघालेल्या 'इंडियन कुकरी'वर मात्र 'मिसेस बलबीर सिंग' असे नाव आहे. पुस्तक कीर्तिमान झाले, आणि लेखिका साऱ्या देशात पतीच्या नावाने ओळखली गेली. तेव्हा 'एका सभ्य स्त्रीकडून' या प्रथेला आपण इंग्लंडचे वेड म्हणून हसू नये.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. दूरदेशी निघालेल्या लेकीच्या पेटीत आईने साडीच्या घडीखाली जे पुस्तक घातले ते बहुधा हेच. आपल्या सभासदांच्या घरी त्याच्या हळदीने पिवळ्या झालेल्या प्रती आम्ही पाहिल्या आहेत. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. तराजू-मापाऐवजी घरातली वाटी आणि चमचा हाती घेऊन त्यांनी मापे सांगितली, आणि ज्यांच्यामागे सासू वा आई उभी नव्हती त्या मुलींना धीर दिला. कायदा वाटीच्या त्या मापाला संरक्षण देत नाही. त्यांच्या वाक्यांना देतो. कमलाबाई १९९९ मध्ये निवर्तल्या, म्हणजे त्या वाक्यांवरचा हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आहे.

आपल्या तमिळ शेजारणींकडे याच्या जोडीचे पुस्तक आहे. एस. मीनाक्षी अम्माळ यांचे 'समैत्तु पार्', म्हणजे 'करून पाहा', याचा पहिला भाग १९५१ मध्ये निघाला. तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाईंनी पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले आणि ते घराण्याकडेच राहिले. रंडेलबाईंना जे साधले नाही ते मद्रासच्या या बाईंना साधले, यात आम्हांस फार मोठेपणा वाटतो. त्या १९६२ मध्ये वारल्या. तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या भागांवरील कायद्याचे छत्र २०२२ च्या अखेरीस मिटले. आता ते शब्दही साऱ्यांचे झाले. नाव मात्र कोणी गाळू नये.

आता मूळ दोन प्रश्नांकडे वळतो. दुसरा आधी. 'रुचिरा'तली किंवा कोणत्याही हयात हक्काच्या पुस्तकातली कृती शब्दशः उतरवून देऊ नये. पदार्थ द्यावा, पण पुस्तक मिटून, आपण प्रत्यक्ष जशी करतो तशी, आपल्या बोलीत लिहावी. इकडे आल्यावर खोबरेल वापरू लागलो असू तर तसे म्हणावे, गोडा मसाला संपल्यावर काय केले तेही म्हणावे. आणि खाली 'मूळ आधार रुचिरा' एवढे तीन शब्द टाकावेत. कायदा ते मागत नाही, आम्ही मागतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: ज्या बाईने शब्द लिहिले तिचे नाव लेखिका म्हणून, आणि जिच्या हातून कृती आली तिचे नाव तिच्याखाली. पूर्ण नाव, स्वतःचे, 'सौ. अमुकवहिनी' नको. सासूबाईंनी सांगितले आणि सुनेने केवळ उतरवून घेतले असेल तर वाक्ये सासूबाईंची आहेत, आणि मग त्यांचेच नाव वर यावे. सुनांनी रागावू नये.

आणि कागद. कार्यकारिणीला आमची विनंती आहे की, प्रत्येक लेखिकेकडून लेखी संमती सहीनिशी घ्यावी. आपल्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क देणे ते लेखीच लागते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. तेव्हा मंडळाला पुस्तकाच्या किती आवृत्त्या काढता येतील, आणि उद्या एखाद्या प्रकाशकाने मागणी केली तर पैसा कोणाकडे जाईल, हे आत्ताच लिहावे. हक्क दिला तरी लेखिका म्हणून आपले नाव राखण्याचा अधिकार ५७ व्या कलमाने तिच्याकडेच राहतो. मंडळाच्या पुस्तकाला एवढा कागद कशाला, असे कोणी म्हणेल. मरे यांच्या दिवाणखान्यात १८०५ मध्येही असेच वाटले असणार.

संमतिपत्राचा मसुदा चिटणीसबाईंकडे दिला आहे. त्यात 'कोणाकडून शिकलात' असा एक रकाना आम्ही मुद्दाम घातला आहे. पहिले आठ-दहा कागद भरून आलेही आहेत. कोणी आजीचे नाव लिहिले आहे, कोणी इथल्या शेजारणीचे, एकीने रेल्वे वसाहतीतल्या एका बंगाली बाईंचे. दोघीतिघींनी 'आठवत नाही, लहानपणापासून पाहत आले' असे लिहिले आहे. तेही जसेच्या तसे छापावे. आणखी कागद या महिनाअखेरपर्यंत यावेत.